नवरीविना हळद

धामणकर नाका, भिवंडी

तीर्थस्वरूप तुळजामावशीस हितेशचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काका पथ्य पाळतात का? (पाळत नसले तरी तू पाळतात असंच सांगशील.) आई रुसून तुझ्याकडे पडघ्याला आली आहे, त्याला कारण मी. ती माझा फोन घेत नाही, म्हणून घडलं ते नीट लिहितो. तिला वाचून दाखव.

मी कसा आहे, मला बायको का नको, हे तुम्हा दोघींना ठाऊक आहेच. गेल्या वर्षी मी आणि मनोज (लूमवर ड्युटी करणारा, आईच्या हातचं सुकट आवडीने खाणारा) आमच्यासारख्यांच्या मुंबईतल्या मोठ्या मिरवणुकीला गेलो होतो. तिथे जिकडेतिकडे कंपन्यांची नावं. हातात दिलेला रंगीबेरंगी झेंडा उलटून पाहिला, तर त्यावर मी काम करतो त्याच गोडाउनचं लेबल. त्या झेंड्यांची खोकी मीच भरली होती. सुट्टी मागितली तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता की झेंड्यांची ऑर्डर अर्जंट आहे, सुट्टी नाही. (शेवटी पोटदुखी सांगून गेलो.) परतताना मनोज म्हणाला, पुढच्या वर्षी आपलं आपण करू, भिवंडीत, कंपनीशिवाय.

मिरवणूक नाक्यावरून काढली असती तर ट्रॅफिकमध्ये ती कुणाला दिसलीही नसती. म्हणून जवळच्या वळ गावात, आमच्यातल्याच राघोच्या अंगणात आम्ही मित्रांनी जेवायचं आणि गाणी म्हणायची, एवढंच ठरवलं. मांडववाल्याने कार्यक्रम कसला ते विचारलं आणि मी घाबरून म्हणालो, हळद. आपल्याकडे हळद म्हटली की पुढे कुणी काही विचारत नाही, हे मला माहीत होतं. न बोलावता सगळे येतात, हे मात्र विसरलो.

संध्याकाळी हौसाकाकी धवलारीण हजर. (तिने लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गायल्याशिवाय वळात कुणाला हळद लागत नाही.) मागोमाग गावातल्या बायका, पाट, हळदीची वाटी. नवरा कोण म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण इस्त्रीचा शर्ट फक्त माझाच होता. मला पाटावर बसवलं.

"नवरी कुठली रं?"

मी खरं ते सांगून टाकलं. "नवरी न्हाय, काकी. होणार पण न्हाय. आम्ही सगळे तसेच आहोत."

राघो चपला शोधू लागला. काकीने वाटीतली हळद बोटाने ढवळली.

"मंग भिजवलेली हलद टाकून द्याची का? बसा वलीनं."

आम्ही सगळे ओळीने बसलो. दोघी बायका उठून गेल्या, बाकीच्या राहिल्या. (जेवण व्हायचं होतं.) धवल्यात नवऱ्याच्या आईचं नाव लागतं, म्हणून काकीने एकेकाला विचारलं. मी विनिता सांगितलं. आईचं नाव माइकवरून वळभर गेलं, आणि ती इथे घरी वाल सोलत बसली होती. लेकाला हळद लागली आणि आईला दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं. रुसली ते बरोबरच आहे. पण मावशी, बोलावून ती आली नसती तर मी काय केलं असतं? बोलावलंच नाही, म्हणजे आली नाही असंही होत नाही, असं मी मनाला समजावलं होतं.

तिला घरी पाठव.

तुझा,
हितेश

ता. क. मनोजचं सांगायचं राहिलं. त्याच्या घरच्यांनी त्याला दार बंद केलं आहे. काकीने आईचं नाव विचारल्यावर तोही विनिताच म्हणाला. काकीने तेच नाव पुन्हा गायलं. हे आईला बाजारात कुणी सांगितलं नसेल.

पुन्हा ता. क. त्यामुळे आता वळात आम्हाला सख्खे भाऊ समजतात. मनोज आपला कोण लागतो, ते आईनेच येऊन सांगावं. ती सांगेल ते आम्हा दोघांना चालेल.