पिंप्राळ्याचं फ्रेंच जेवण

पिंप्राळा, जळगाव
८ जानेवारी २०२५

चि. मोहिनी हिस, लोटनचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. माझे कान गेल्यापासून फोनवर तू ओरडतेस आणि मी भलतंच उत्तर देतो, त्यापेक्षा आपला हा टपालाचा कारभार बरा. निदान शेजाऱ्यांना आपल्या घरच्या भानगडी कळत नाहीत.

बातमी अशी की आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्योत्स्नाने फ्रेंच पद्धतीचं जेवणघर काढलं आहे. ज्योत्स्ना म्हणजे पाचोऱ्याच्या अभिमनची मुलगी. बरीच वर्षं पुदुच्चेरीला फ्रेंच लोकांच्या हाताखाली रांधत होती. अशा जागेला बिस्ट्रो म्हणतात. पहिल्या दिवशी मी चपला दाराबाहेर काढून आत गेलो, तर बिचारीने त्या स्वतः आणून पायाशी ठेवल्या. काळ्या फळ्यावर खडूने जेवण लिहिलेलं असतं. दुपारी सूप, एक मुख्य पदार्थ आणि गोड, सगळं एकाच भावात, आणि तो भाव आपल्यासारख्यांच्या खिशाला झेपणारा. पाव मागाल तितका. शेजारचे कापडवाले सुरेशचंद शेटजी एरवी बाहेरचं पाणी पीत नाहीत, तेही दोनदा जाऊन आले.

कुंदन तिकडे फ्रान्समध्ये असंच काहीतरी रांधतो ना? पोरगा काय शिजवतो ते डोळ्यांपुढे येत नाही, असं तू दर पत्रात लिहितेस. मग ये आणि खाऊन बघ. धुळ्याहून जळगाव म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. भरीत-पार्टीचा आग्रह होणार नाही. वांग्याने तुझ्या अंगाला खाज सुटते, हे तुझ्या वहिनीच्या पक्कं लक्षात आहे.

नाही म्हणालीस तर पुढचं पत्र कोरं पाठवीन. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
लोटनभाऊ

*

देवपूर, धुळे
२७ जानेवारी २०२५

ती. लोटनभाऊ यांस, मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. पारोळ्याला बस बराच वेळ थांबली, तेव्हा वहिनींनी दिलेल्या दशम्या तिथेच संपवल्या.

भाऊ, त्या दुपारचं काय सांगू. तुम्ही पावाला शेंगदाण्याची चटणी लावून खात होतात आणि मला लाज वाटत होती, पण माझं लक्ष ताटलीकडेच होतं. कांद्याचं ते सूप, वर चीजचा थर. मग ती गोल पातळ कापांची भाजी, एकावर एक काप निजवलेला, खाली टोमॅटोचा रस. ज्योत्स्नाने फ्रेंच नाव सांगितलं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. आपल्याबरोबर आलेल्या शेटजींनी ती भाजी परत पाठवून दुसरं काही मागवलं, आम्हाला हे चालत नाही म्हणाले. मला वाटलं लसणामुळे असेल. मी मात्र पुसून खाल्ली. पहिला घास घेतला आणि वाटलं, हे माझ्या कुंदनच्या हातचं. हे गेले, मागून पोरगा परदेशी गेला. त्यानंतर इतकं पोटभर मी कधी जेवले नव्हते.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी कौतुकाने सगळं सांगितलं. म्हटलं, तिकडच्या दोडक्याची काय सुरेख भाजी होती. तो खूप हसला. म्हणाला की ती भाजी तो रोज करतो, आणि त्यातले निम्मे काप वांग्याचे असतात.

मी फोन ठेवून दिला.

आता तुम्हाला खरं सांगते. मला खाजबिज काही सुटत नाही. कुंदन गेला त्या साली मी इथल्या एकवीरा देवीपुढे बोलले होते की तो घरी येऊन माझ्या पंक्तीला जेवेपर्यंत वांगं खाणार नाही. सासूबाई सांगायच्या, नवस पोटमा ठेवाना, कोनले सांगाना नही. विशेषतः ज्याच्यासाठी बोललो त्याला तर मुळीच नाही. म्हणून खाजेचं निमित्त केलं. दर थंडीत मळ्यामळ्यातून भरताचा धूर निघायचा, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जायच्या आणि मी ताक-भाकर घेऊन कडेला बसायचे. त्याचं मला काही वाटलं नाही. उलट वाटायचं, एवढं करते आहे तर देवी ऐकेल.

आणि मोडला कुठे, तर त्याच्याच भाजीने. आता तो येणार नाही असं मनाने घेतलं आहे. देवळापर्यंत जाते आणि पायरीवरून परत फिरते. काय करावं ते लिहा. वहिनींना नमस्कार, आणि माझ्यावर माया असू द्या.

तुमची,
मोहिनी

*

पिंप्राळा, जळगाव
३ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनी हिस, लोटनचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. खान्देशातली बाई आणि तिला वांगं ओळखू आलं नाही. ही गोष्ट बाहेर फुटली तर आपल्या माहेरच्यांना मान वर काढायला जागा राहणार नाही. मलाही ओळखू आलं नाही, पण मी पुरुष आहे, मला माफ आहे. शेटजींना मात्र बरोबर कळलं होतं. त्यांच्याकडे वांगं चालत नाही, म्हणून त्यांचं लक्ष असतं.

चुकून तोंडात गेलेल्या घासाचा हिशेब देवी ठेवत नाही. ओटी भर आणि मोकळी हो. पायरीवरून काय परत फिरतेस, ती एकवीरा आहे, सरकारी कचेरी नाही.

आता माझं ऐक, आणि रागावू नकोस. परवा कुंदनचा मला मोबाईलवर लांबलचक मजकूर आला. आईने फोन का ठेवला, आपलं काय चुकलं, असं विचारत होता. पुढे लिहिलं होतं की दर दिवाळीला तो तिकीट बघतो आणि तुला विचारतो, आई, येऊ का. आणि तू दर वेळी सांगतेस की खर्च कशाला, कामात खाडा नको, मी मजेत आहे. त्याचे शब्द असे, की मामा, आईला माझ्यावाचून राहायची सवय झाली आहे असं दिसतं, मग मी उगाच जाऊन तिची घडी का मोडू.

अगं, तू देवीला सांगितलंस, पोराला नाही सांगितलंस. देवीने यायचं नव्हतं, यायचं होतं त्याने. मला ऐकू येत नाही ही माझी व्याधी आहे. पण त्या पोराचे कान धड आहेत आणि तू त्याला सगळं उलटंच ऐकवत आलीस.

नवसाचं मी त्याला काही कळवलेलं नाही. ते तुझं तू सांग. आणि फोनवर सांगू नकोस, तिथे तुझी जीभ लगेच मजेत होते. पत्र लिही. त्याचा पत्ता सोबत जोडला आहे.

कठोर लिहिलं असेल तर भाऊ म्हणून पोटात घाल. माया उणी होऊ देऊ नकोस.

तुझा,
लोटनभाऊ

*

देवपूर, धुळे
९ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदन यास, आईचे अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. तू घरात होतास तेव्हा गरज नव्हती, आणि तू गेलास तेव्हा फोन आला होता.

त्या दिवशी मी फोन ठेवला त्यात तुझी काही चूक नव्हती. तू परत यावास म्हणून मी वांगं सोडलं होतं. तुला सांगायचं नसतं म्हणून सांगितलं नाही. आता मोडलंच आहे, तर सगळंच सांगते.

मी मजेत नाही. तब्येत ठीक आहे, पेन्शन वेळेवर येते, वरच्या मजल्यावरच्या सुंदरबाई रोज डोकावून जातात, त्यातलं काही खोटं नव्हतं. पण संध्याकाळी दोन वाट्या तांदूळ काढते आणि एक परत डब्यात टाकते. शनिवारपासून तुझ्या फोनची वाट बघते, आणि तो आला की दोन मिनिटांत ठेव म्हणते, तिकडे तुझा खोळंबा होत असेल म्हणून. तू येऊ का विचारायचास तेव्हा नको म्हणायचे. मुलाच्या पायात पाय घालू नये, आईने असंच म्हणायचं असतं असं मला वाटायचं. तू आणखी एकदा विचारशील असंही वाटायचं. तू शहाण्यासारखं माझं ऐकलंस.

ज्योत्स्नाच्या त्या बिस्ट्रोत जेवताना समोरची खुर्ची रिकामी होती, कारण मामा आणि शेटजी हात धुवायला गेले होते. मी तिथे तुला बसवलं. तू आता कसा दिसतोस ते नीट आठवेना. फोनच्या काचेत तुझं तोंड दिसतं, पण तू उंच किती आहेस, माझ्या खांद्यापासून किती वर, ते कुठे दिसतं. त्या गोष्टीचं मला घरी येऊन फार रडू आलं.

तिथलं काम सोड असं मी म्हणत नाही. तुझं तिथे बस्तान बसलं आहे, कुणी मनात भरलं असेल तर तेही सांग, मी आनंदाने ऐकेन. राहायला नको, भेटायला ये.

हे पत्र मिळाल्यावर रविवारी फोन करशील तेव्हा येऊ का म्हणून विचारू नकोस. मी पुन्हा नको म्हणेन, माझी खात्री आहे. न विचारता ये.

तुझी,
आई