शेजारची मोटर

२ नोव्हेंबर, रविवार
चौदा महिने या वहीला हात लावला नाही, माफी असावी. शेवटच्या पानावर वडिलांच्या, बापूजींच्या, तेरवीच्या सामानाची अर्धी यादी आहे. तशीच ठेवली, पान उलटलं.
आजपासून रोज लिहिणार. आणि खरं तेच लिहिणार.
तक्रार: शेजारच्या मार्तंडरावांची बोअरची मोटर. दुपारी डाव्या कुशीवर पडलो की उशीतून धक्-धक्, धक्-धक्. हुडकेश्वरला घर बांधलं ते शांततेसाठी. वंदना म्हणते, मला तर काही ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्यांनी बायकोचे कान गेलेत. (हे बरोबर नाही. माझा फोन दुसऱ्या खोलीत थरथरला तरी तिला कळतं.)

५ नोव्हेंबर, बुधवार
मोटर सदर भागातल्या माझ्या ऑफिसातही ऐकू आली. लिफ्ट बंद होती, तीन मजले चढलो, तर वेग वाढला. आवाज कानात घर करतो, त्याला काय करणार. वंदना म्हणाली, बीपी तपासून या. म्हटलं, मोटर त्यांची आणि तपासणी माझी? म्हणाली, तुमच्या डोक्यातली मोटर तेवढी बंद करा, बाकी मी पाहते.

९ नोव्हेंबर, रविवार
रितिकाला सातवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रक्ताभिसरणाचं मॉडेल करायचं आहे. मी करून देतो म्हटलं. मौद्याकडे आमचं वावर, लहानपणापासून पाइप जोडतो आहे. सामान: कूलरचा पंप, सलाइनच्या नळ्या, लाल शाई. वेळ: दोन तास.
संध्याकाळ. पाच तास झाले. पंप सुरू केला, पाणी नळीतून धावलं आणि परातीत पडलं. रितिका म्हणाली, बाबा, हे परत कसं येईल? मी म्हटलं, वावरात सोडलेलं पाणी परत येत नसतं. ती म्हणाली, रक्त येतं. अंगातून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसात, तिथला ऑक्सिजन घेऊन डाव्या बाजूला, मग पुन्हा अंगात. एका फेरीत दोनदा हृदयात. तुम्ही फुप्फुसं लावलीच नाहीत.
खरं आहे. राहून गेली. पुढच्या रविवारी लावू.
चादरीवर लाल डाग. वंदनाला अजून सांगितलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ
मार्तंडरावांकडे गेलो. दुपारी मोटर बंद ठेवा, असं नम्रपणे सांगितलं. (आवाज जरा चढला होता.) ते म्हणाले, काहून तापून राहिले गा? मोटर हायेच कुठी? हात धरून मागच्या अंगणात नेलं. बोअरवर लोखंडी झाकण, झाकणावर गोडनिंबाची कुंडी. नळ आला तशी मोटर विकून टाकली म्हणाले, दोन वर्षं होऊन गेली.
त्यांच्या पत्नी यमुताई आतून म्हणाल्या, चहा घेऊन जा जी भाऊ. बापूजीबी असेच आले होते मागच्या साली, राखीच्या आधी. मोटर कुठी हाय, विचारत.
चहा घेतला नाही.
दोन वर्षं कशी असतील? म्हाताऱ्या माणसांचा हिशेब चुकतो. मोटर दुसऱ्या कोणाची असेल. चौकशी करावी.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपार
मॉडेल चाललं. फुप्फुसं म्हणून दोन फुगे. जोडलं सगळं रितिकाने, मी नळी धरून बसलो होतो.
पंप बंद केल्यावरही आवाज येत होता. रितिकाला म्हटलं, ऐक, आता चालू आहे, आणि टेबलावर बोटाने ठेका धरला. तिने माझं मनगट धरलं. बोटांनी नाडी शोधली. मग म्हणाली, तुम्ही थांबा, मी वाजवते, तुम्ही खिडकीकडे तोंड करा. माझी नाडी धरूनच ती वाजवत होती. तिचं बोट आणि माझी मोटर. एकही ठोका मागेपुढे झाला नाही.
खरं तेच लिहिणार म्हटलं होतं, म्हणून लिहितो. मागच्या वर्षी राखीच्या आधी बापूजी दुपारी उशीवरून उठून बसले. म्हणाले, मोटर काहून चालू हाय गा, बंद कर म्हण त्याले. मी मोबाइलमधून मान वर न करता म्हटलं, मार्तंडरावांची आहे, झोपा. म्हणजे ते तिकडे विचारायला गेले होते. परत येऊन मला काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट.
मोटर मला तेव्हा ऐकू आली नव्हती. तरी मार्तंडरावांची म्हणून सांगितलं.

उद्या: वंदनाला सोबत घेऊन बीपी तपासणे.