वसंता कशाला हसायचा

सोमवार, ३ फेब्रुवारी
गुडघा तसाच. तेल संपलं. काल वसंता गेला.

हे सगळं सु. लिहिते आहे. सु. म्हणजे सुजाता, माझी सून. तिला ऑफिसात मिळालेली डायरी घरात कोरी पडली होती. म्हटलं, मी बोलते, तू लिही. मला अक्षर येत नाही, पण ती कुठे काय गाळते ते कळतं. परत तिच्याकडूनच वाचून घेते ना. स्वतःचं नाव आखडून लिहिते, माझं बोलणंही आखडेल.

तर वसंता. वस्तीच्या रेडिओवर बोलायचा. आमच्या अंधेरीच्या वस्तीपुरतं ते रेडिओ केंद्र, दोन नाके ओलांडले की नुसती खरखर. पण संध्याकाळचा अर्धा तास गल्लीत त्याचाच आवाज. उद्या पाणी येणार की नाही, दवाखान्यात डॉक्टर कोण, कोणाचं मांजर हरवलं. झोपेतच गेला म्हणे. हाल नाही झाले, सुटला. मला तर बरंच वाटलं. सु. म्हणाली, "आई, असं लिहायचं?" लिही.

मंगळवार, ४ फेब्रु.
दुपारी रेडिओवरची तन्वी आली. डोळे सुजलेले, हातात कागद. पुढारी भाऊसाहेबांनी लिहून पाठवलेला. वाचून दाखवला. पोकळी काय, तारा काय, आधारवड काय. मी विचारलं, हा कोण मेला म्हणे? तेव्हा पोरगी हसली.

वस्तीत कोणी गेलं की वसंताची एक रीत होती. घरी यायचा, चहा प्यायचा आणि एवढंच विचारायचा, "कशाला हसायचे हो?" मग रेडिओवर तेवढंच. गुणगान नाही, जन्मसाल नाही. आमचे हे, तात्या, गेले तेव्हा चुलीपाशी बसला. मी सांगितलं. संध्याकाळी आवाज आला, "तात्या स्वतःच्याच घोरण्याने दचकून उठायचे आणि 'कोण आहे रे?' म्हणून ओरडायचे. मग स्वतःच हसायचे. तात्या काल गेले." बस. सगळी गल्ली रडता रडता हसली. मीपण. त्या रात्री पहिल्यांदा जेवले.

तन्वी म्हणाली, "आजी, वसंतमामांचं तसंच व्हायला हवं. शनिवारी सांगायचंय. तुम्ही त्यांना जास्त ओळखता. नाही मिळालं तर मग हा कागदच वाचावा लागेल."
हो म्हणून बसले. ती गेल्यावर आठवायला लागले तर... काहीच नाही. तो हसवायचा. हसताना कुठे पाहिला?

बुधवार, ५ फेब्रु.
गल्लीभर विचारलं. वाणी म्हणाला, देवमाणूस. पिठाच्या गिरणीवाली म्हणाली, देवमाणूस. म्हटलं, देव हसतो का गं कधी? तिने पुढचं दळण टाकलं. रिक्षावाला सलीम बोलला, "मामा हसाते थे, आजी. खुद तो बस, चाय पीते थे."

शालूकडे गेले, वसंताच्या बायकोकडे. भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. हात धरला. विचारायचं म्हणून तोंड उघडलं आणि "जेवलीस का?" एवढंच निघालं. परत आले. काय माणूस आहे बघा. सगळ्यांच्या घरी जाऊन विचारलं, आणि स्वतःचं सांगायला मागे कोणी ठेवलं नाही. त्याच्या नावाने तो आधारवड वाचला गेला तर मला जन्मभर तोंड दाखवायला जागा नाही. त्याने तात्यांना असं पाठवलं नव्हतं.

गुरुवार, ६ फेब्रु.
संध्याकाळी रेडिओ लावला आणि अंगावर काटा. वसंताच! जुना कार्यक्रम लावला होता आठवण म्हणून. तोच खाकरणारा आवाज. "मंडळी, उद्या पाणी नाही. आजच भरून ठेवा. मागून माझ्या नावाने बोंब नको."

आणि उठलो की हो आम्ही सगळे. मी, सु., शेजारीण, वरच्या मजल्यावरचे. हंडा, कळशी, ड्रम, कुकर, बाळाचा टब. सु.ने तर माझी लोणच्याची बरणी रिकामी करायला घेतली. ओरडले, तेव्हा सोडली. (सु. : हे खोटं आहे.) खरं आहे.
वसंताने सांगितलं म्हणजे भरायचं. मेलाय तो, हे कोणाच्या डोक्यातच नाही आलं.

शुक्रवार, ७ फेब्रु.
सकाळी नळ धो धो. सगळी गल्ली भरलेली भांडी घेऊन नळाकडे बघत उभी. शेजारीण म्हणते, "मेल्यावर पण कामाला लावलं आम्हाला!" मग डोक्यात शिरलं, कार्यक्रम जुना, तर पाण्याची बातमीही जुनीच.

शालूकडे गेले. दारातून आत पाय ठेवायला जागा नाही. बादल्या, पातेली, दुधाचं भांडं, फुलदाणीसुद्धा भरलेली. आणि मधोमध शालू, पदर तोंडावर, गदागदा हलतेय. मला वाटलं रडतेय. हसत होती!
"मावशी, पहिल्यांदा ऐकला त्यांचा कार्यक्रम. पहिल्यांदा! आणि तोही शिळा!"

तर गोष्ट अशी. तो रेडिओवर वस्तीला पाणी सांगायचा, त्या वेळी ही दुसऱ्या स्टेशनवर सिनेमाची गाणी ऐकत भाजी निवडायची. घरी आला की तोंडाने सांगायचा नाही. रेडिओवर सांगितलंय ना, परत कशाला. सकाळी सगळ्यांकडे पाणी आणि याच्या घरी हंडा कोरडा ठणठणीत. मग उंबऱ्यात बसून पोट धरून हसायचा. म्हणायचा, "शाले, सगळी वस्ती माझं ऐकते. तू एक सोडून."
भांडला नाही का कधी? "नाही हो. एकदा नवीन रेडिओ आणला मला. म्हणाले, यावर तुझी गाणी साफ येतील."
मग आम्ही दोघी त्या पाण्यात बसून हसलो. नंतर ती रडली. तेही हवंच होतं.
घरी येताना गुडघा दुखला नाही. म्हणजे दुखला, पण चालून गेलं.

शनिवार, ८ फेब्रु.
संध्याकाळी गल्लीत सगळीकडे तेच स्टेशन. तन्वी बोलली. "वसंतमामा सगळ्या वस्तीला पाणी सांगायचे आणि त्यांच्याच घरचा हंडा कोरडा, कारण बायको दुसरीकडे गाणी ऐकायची. यावर ते उंबऱ्यात बसून हसायचे. वसंतमामा रविवारी गेले."
बस. भाऊसाहेबांचा कागद नाही.
शालूने फोन केला. "मावशी, ऐकलं हं मी." एवढंच.
छातीवरचा दगड उतरला. दोन भाकऱ्या खाल्ल्या. सु. म्हणते तीन.

रविवार, ९ फेब्रु.
तन्वीचा फोन. मागच्या गल्लीतले शिंपीकाका गेले. "आजी, त्यांच्या घरी जाल? चहा प्यायचा आणि विचारायचं. तुम्हीच करा आता हे."
म्हटलं, गुडघा बघ माझा.
"रिक्षा पाठवते."
साखर चालत नाही मला.
"बिनसाखरेचा सांगते."
या पोरीकडे सगळ्याला उत्तर. बघू म्हटलं. हो म्हटलेलं नाही. सु., हो लिहू नकोस. नवी साडी काढून ठेवली, ती उगाच, घडी मोडायला.

सु. भाकऱ्या थापत होती. विचारलं, मी गेल्यावर तुला कोणी विचारायला आलं तर काय सांगशील गं? मी कशाला हसते?
पीठ झटकलं, तव्याकडे बघत म्हणाली, "आत्ता नाही सांगणार, आई. रेडिओवर ऐका."