दाजींच्या गाडीतला नवा फिल्टर

नांदेड
२ जुलै २०२५

ती. सौ. महानंदाअक्कास,
धाकट्या सिद्धरामचा शरणार्थ वि. वि.

फोनवर तुझं कानाचं मशीन शिट्टी मारतं आणि तुला निम्मंच कळतं, म्हणून लिहितोय. दाजी तीन दिवस इथं राहून काल निघाले. तुला त्यांनी नुसतं सर्व्हिसिंग सांगितलं असेल. खरं तर त्यांच्या डोक्यात मोठा एअर फिल्टर शिरला होता. गाडी चढाला दम धरत नाही, इंजिनला मोकळी हवा पाहिजे, असा एकच धोशा. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, माझं कुठलं ऐकतो. शेवटी कंपनीचा डबा काढला, जाड पाइप टाकला आणि टोकाला मोठा फिल्टर बसवला. चालू केल्यावर असा घुमला आवाज की दाजी लई खूश. चहा घेऊन आलेल्या तुझ्या भावजयीलाही रेस करून दाखवली.

एक सांगायचं राहिलं. गार हवा मिळावी म्हणून फिल्टर खाली, पुढच्या बंपरच्या आत गेलाय. जुना डबा वर होता. आता अर्ध्या चाकाएवढ्या पाण्यातही गाडी घालायची न्हाई. इंजिन पाणी ओढतं आणि जागेवर बंद पडतं. दाजींसोबत त्यांचे जुने कंडक्टर केरबा आले होते, त्यांच्यापुढं दाजींना शिकवणं मला बरं दिसेना. तुझं ते ऐकतात. तू सांग.

गुडघ्याला तेल लावत जा आणि धाकट्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा
सिद्धराम


लातूर
२० जुलै २०२५

चि. सिद्धरामास,
अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. गाडी आल्याचं गल्लीला न सांगता कळलं. शेजारच्या मल्लम्मानं विचारलं, धोंडप्पांनी ट्रॅक्टर घेतला का. दोन दिवस हे तिच्याशी बोलले नाहीत.

रिटायर झाल्यापासून यांचं कसं चाललं होतं ते तुला मी कधी लिहिलं नाही. ड्यूटीच्या वेळेला पहाटेच उठायचे, आंघोळ करायचे आणि दाराकडं तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे. आता सकाळी गाडी पुसतात, दुपारी कुठं जायचं विचारतात. मला औशाला नेऊन आणलं, परवा रेणापूरला. वाटेत काच खाली करून इंजिनचा आवाज ऐक म्हणतात. मला काय ऐकू येतंय, पण मी हाव म्हणते.

भावजयीला पापडाचं पीठ पाठवते. आठवण आली की लिही, नाही आली तरी लिही.

तुझी
अक्का


नांदेड
१४ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
सिद्धरामचा शरणार्थ.

नावाआधी सौ.च्या जागी काय लिहावं कळेना, म्हणून नुसतं अक्का लिहिलं.

दाजींच्या मातीच्या दिवशी तुझ्यासमोर बसलो होतो, पण तोंड उघडलं नाही. गाडी मी गॅरेजला आणली आणि इंजिन उघडलं. आत पाणी, रॉड वाकलेला. मग चाकूरला जाऊन दाजींच्या मागं असलेल्या टेम्पोवाल्याला भेटलो. तो म्हणाला, ओढ्यावर पाणी अर्ध्या चाकाएवढंच होतं, दोन गाड्या आधी आरामात निघून गेल्या. दाजींची मधोमध बंद पडली. त्यांनी दोनदा सेल मारला, मग ढकलायला खाली उतरले, आणि तेवढ्यात वरून लोंढा आला. जुना डबा असता तर दाजी त्या दिवशी घरी येऊन जेवले असते.

तुला लिहून कळवलं होतं म्हणून मी सुटत नाही. तू बजावलं असशील, त्यांनी हसण्यावारी नेलं असेल. पण गाडीला हात लावणाऱ्याच्या तोंडून ऐकलं असतं तर मनावर घेतलं असतं. एका माणसापुढं बरं दिसेना म्हणून मी गप बसलो. गॅरेज उघडतो, पण पाना हातात घेऊन उभा राहतो नुसता.

तू मला दारात उभं केलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

सिद्धराम


लातूर
२५ सप्टेंबर २०२५

चि. सिद्धरामास,
आशीर्वाद.

मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

तुझं पत्र वाचलं आणि सांगायला बाहेर गेले. ते बॉनेट उघडून मल्लम्माच्या नवऱ्याला पाइप दाखवून राहिले होते. तसा चेहरा मी दोन वर्षांत बघितला नव्हता. वाटलं, आज नको. गाडी झाकून ठेवतील आणि परत दाराकडं तोंड करून बसतील. पावसाचा जोर वाढला की सांगू. मग रोजच आज नको. त्या दिवशी चाकूरला बारशाला निघाले, तेव्हा आभाळ भरलेलं होतं. मला आठवलं, सिद्धू. मी उंबऱ्यापर्यंत आले आणि यांना छत्री घ्या म्हणाले. एवढंच म्हणाले.

आता डेपोतले लोक म्हणतात, धोंडप्पाचा अंदाज गेला होता, नाहीतर असा कोणी पाण्यात गाडी घालतो का. तीस वर्षांत यांच्या हातून एक अपघात नाही. पाणी त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांना जे माहीत नव्हतं ते तुला आणि मला माहीत होतं. तू ये आणि डेपोत जाऊन सांग. तुझं तू सांग, माझं मी सांगते.

रागवायचं असेल तर तेही इथं येऊन रागव.

अक्का


लातूर
१० ऑक्टोबर २०२५

चि. सिद्धरामास,
आशीर्वाद वि. वि.

डेपोतून तू परस्पर स्टँडवर गेलास, जेवला नाहीस. आपण बोललो तेव्हा तिथं कोणी काही म्हणालं नाही, ते तुला लागलं असेल. मलाही लागलं.

संध्याकाळी केरबा घरी आले. चप्पल काढून बाहेरच बसले. पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं. म्हणाले, वहिनी, तेवढ्या पाण्याला मीसुद्धा डबल बेल दिली असती. मग उठून गेले. माती दिल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

राग येतो का, असं तू स्टँडवरून चिठ्ठी पाठवून विचारलंस. येतो. सकाळी तुझा येतो, दुपारनंतर माझा येतो. कधी कमी होईल ते माहीत नाही.

दिवाळीला भावजयीला घेऊन ये. यंदा फराळ नाही, दिवे नाहीत. पिठलं-भाकरी करीन. या खेपेला जेवल्याशिवाय जायचं नाही.

तुझी
अक्का