तळाला गेलेलं पाणी

प्रिय कल्याण,

निमंत्रणपत्रिका मिळाली. कागद भारी आहे. विषय 'महासागराचे बदलते प्रवाह', वक्ता तू, आणि अध्यक्ष म्हणून श्रीरामपूरच्या निवृत्त भूगोल शिक्षिका, म्हणजे मी. फोनवर म्हणालास, "आता तरी रुसवा सोड रोहिणी, आतेभाऊ आहे मी तुझा." मी लगेच हो म्हटलं. तुझा जीव भांड्यात पडलेला मला इथपर्यंत ऐकू आला.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ अजून चालते. आत्या गेल्यापासून तशी शेंगोळी कुठे खाल्ली नाहीत. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुमची शेती पाटाच्या तोंडाशी, आमची शेवटाला, टेलला. धरणातून पाण्याची पाळी, आवर्तन, सुटलं की तुमच्याकडे पाणी आलंच. आमचे अण्णा बांधावर उभे राहून वाट बघायचे. एखादं आवर्तन कोरडं गेलं तर ते घाबरत नसत. पण दरसाल पाणी उशिरा आणि थोडं थोडं कमी यायला लागलं, तेव्हा म्हणाले, "पोरी, पाट बदलला गं." तोंडाशी बसलेल्याला हे कळत नाही.

समुद्राबद्दल मला जे सुचलं ते यातूनच. अटलांटिकचं कोमट, खारं पाणी वरून उत्तरेला जातं, तिथे गारठून जड होतं, बुडतं आणि खोलातून दक्षिणेला परततं. पुस्तकात हे चक्र कायमचं आखून दिलेलं असायचं. पुण्यात एम.एस्सी.ला असताना मी म्हटलं, ते काही दशकं जोर धरत असेल, काही दशकं मंदावत असेल. जहाजांच्या जुन्या नोंदी लावून बघू. त्याचा धागा आपल्या पावसापर्यंतही येत असेल. सरांना पटलं. संशोधनाची एकच जागा होती, ती मला मिळाली. तुझा नंबर दुसरा.

त्या दिवाळीत तू आमच्या ओसरीवर बसलास. मी आत करंज्या तळत होते. तू अण्णांना म्हणालास, "मामा, समुद्र काय आपला पाट हाय व्हय, आज हाय उद्या न्हाई? त्यो हुता तसाच ऱ्हानार. पोरीची सालं वाया चालल्यात. लगीन उरका." अण्णांनी भाच्याचं ऐकलं, माझं लग्न लावून दिलं. पाणी ओळखणाऱ्या माणसाला तू ओळखू आला नाहीस. जागा तुला मिळाली, आणि माझा विषयही तूच घेतलास.

आता पत्रिकेत स्वतःच्या नावाखाली छापलंयस, 'हे प्रवाह बदलतात हा विचार चार दशकांपूर्वी मांडणारे'. ठीक. तासभर बोल. दशकांचा चढउतार कुठला आणि कायमची घसरण कुठली, हे ठरवायला अजून लांबच्या नोंदी लागतील, तेही सांग. तेवढं तुला येतं. पण सभेची रीत विसरलास. अध्यक्ष सगळ्यांत शेवटी बोलतो, त्याच्यानंतर वक्त्याला उठता येत नाही. उरतात ते आभार, आणि ते माझी विद्यार्थिनी संस्कृती मानणार आहे. ओसरीवरचं तुझं बोलणं मी एक शब्द न बदलता सांगणार आहे. पत्रिका वाटून झाल्या, आता माझं नाव काढता येणार नाही. आधी कळवतेय ते दया म्हणून नाही. गळ्यात हार, अंगावर शाल घेऊन बसशील तेव्हा पुढे काय येणार आहे ते तुला सबंध कार्यक्रमभर माहीत असावं, म्हणून. तळाला गेलेलं पाणी वर यायला शेकडो वर्षं लागतात. मी त्या मानाने लवकर आले.

तुझीच अध्यक्ष, त्या एका संध्याकाळपुरती,
रोहिणी