वाचनालयातला खोकला

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा चार हात लांबून नमस्कार (लांबून का, ते पुढे कळेलच). तुझी दाढ आता कशी आहे? भाऊजींना म्हणावं, कानातलं यंत्र कानात घालायला घेतलंय, डबीत जपून ठेवायला नाही. इकडे सगळं ठीक आहे, थोडासा खोकला सोडला तर. डॉक्टरकडे गेलास का, असं तू लगेच विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकतो: गेलो होतो. आता भुवया खाली घे आणि शांतपणे वाच.

माझी नोकरी तुला माहीतच आहे. अभ्यासिकेत टेबलामागे बसून लोकांना गप्प ठेवण्यात माझं आयुष्य गेलं. ‘शांतता राखा’ ही पाटी कोणी वाचत नाही (वाचनालयात लोक पाट्या सोडून सगळं वाचतात), म्हणून मी खाकरायची पद्धत पाडली. एकदा खाकरलो की कुजबुज बंद. दोनदा खाकरलो की समोरच्या खुर्चीवर ठेवलेले पाय खाली. आणि खाकरतच राहिलो की समजायचं, बंद करायची वेळ झाली. आमचा शिपाई घड्याळाकडे बघतच नाही, माझ्या घशाकडे कान लावून बसतो. तेव्हा मला खराखुरा खोकला झालाय, हे कोणाच्या लक्षात येणार? उलट अध्यक्षांनी मला बोलावून शाबासकी दिली, की हल्ली शिस्त फारच वाढली आहे.

घरीही तीच गत. मी खाकरलो म्हणजे चहा, हे लग्नानंतर लवकरच ठरून गेलं (तोंडाने मागितला तर “आत्ताच तर झाला” असं ऐकावं लागतं). त्यामुळे मी खोकत गेलो आणि चहा येत गेला, आणि आलेल्या चहाला नाही म्हणायची आपल्या घराण्याची रीत नाही. मग एकदा कप हातात असतानाच मला ठसका लागला, तशी ही स्वयंपाकघराच्या दारात थबकली. चहा समोर असताना हा माणूस कशासाठी खोकतोय, हे काही तिला उमगेना. त्या दिवसापासून ती डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली आणि मी आपलं हवेला दोष देत राहिलो. आलं झालं, मध झाला, गुळण्या झाल्या, वाफही झाली (वाफ घेताना चष्मा काढायचा असतो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं).

शेवटी व्हायचं तेच झालं. परीक्षेचे दिवस, भर दुपारी अभ्यासिका गच्च भरलेली, आणि मला अशी उबळ आली की थांबेचना. पहिल्या ठसक्याला सगळे चिडीचूप झाले. दुसऱ्याला पाय खाली आले. नंतर पटापट वह्या मिटल्या, शिपायाने खिडक्या लावल्या, पंखे आणि दिवे बंद केले. मी हातवारे करून “अरे, बसा” म्हणून सांगतोय, तर पोरं मला निरोपाचा हात हलवतायत! नेमके तेव्हाच अध्यक्ष एका पाहुण्यांना वाचनालय दाखवायला घेऊन आले. आत अंधार, रिकाम्या खुर्च्या, आणि मधोमध मी एकटा, डोळ्यांतून घळाघळा पाणी. पाहुणे हळूच म्हणाले, वाचणारे कमी झाल्याचं यांनी फारच मनाला लावून घेतलेलं दिसतंय.

त्याच संध्याकाळी हिने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई निघाल्या आमच्याच अभ्यासिकेत अभ्यास करून मोठ्या झालेल्या. मी खोकलो तशा त्या जुन्या सवयीने बोलायच्या थांबल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, “काका, तुमच्या खोकल्याला मी कितीतरी वर्षं घाबरले. पण हा तो नाही.” मग प्रश्न सुरू झाले. कफ पडतो का? मी म्हटलं, नाही. शेजारी बसलेली ही खाकरली. संध्याकाळी अंग तापतं का? छे. ही पुन्हा खाकरली. वजन उतरलंय? मुळीच नाही. (इथे ती खाकरली नाही, माझ्या पट्ट्याला पाडलेलं नवीन भोक तिने सरळ बोटाने दाखवलं.) बाई म्हणाल्या, सर्दीपडशाचा खोकला बहुधा आपला आपण जातो, पण दोन आठवडे झाले तरी जात नसेल तर दाखवायलाच हवा, आणि थुंकीत रक्त दिसलं, धाप लागली, छातीत दुखलं किंवा ताप हटेना, तर तेवढीही वाट बघायची नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही खोकला येतो म्हणे. मी ताबडतोब म्हटलं, मग माझं तेच असणार! तर त्या म्हणाल्या, “पण तुम्ही कुठे घेता ती गोळी?” असो. त्यांनी थुंकीची तपासणी आणि छातीचा फोटो लिहून दिला. तेही उरकलं. फोटो अगदी स्वच्छ आहे. तेव्हा काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. फोटो स्वच्छ आहे, कारण तो काढलेलाच नाही. दारापर्यंत गेलो होतो. बाकावर बसलो, माझं नाव पुकारलं, आणि हा कोण बुवा, अशा चेहऱ्याने मी इकडेतिकडे बघितलं. मग दुसऱ्याचं नाव पुकारलं आणि मी घरी आलो. हिला सांगितलं, छाती ठणठणीत.

आणखी एक. बाबाही असंच “काही नाही, जरा घसा खवखवतोय” म्हणत राहिले होते. मला भीती वाटते, ताई. पत्र मिळताच ये. सहज आले म्हण, आणि मला धरून त्या खोलीत ढकल. हिला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस, उगाच घाबरेल.

वन्सं, नमस्कार. पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. छाती ठणठणीत म्हणून सांगत आले, तेव्हा अंगातल्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. फोटोच्या वेळी शर्ट काढायला लावतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? तुम्ही लगेच निघा. त्यांना आत मी ढकलते. ते आत असतील तेवढा वेळ बाहेर माझ्याजवळ कोणीतरी बसायला हवं.