नवव्या पानावर मुक्काम

नेरे, ता. मुळशी

आदरणीय दाजींना किसनचा सविनय जय भीम. इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतोय? (अक्का म्हणाली, जिना चढताना कुरकुरतो. तुम्ही की गुडघा, ते तिने सांगितलं नाही.) पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मधेच प्रश्न विचारता.

तर तुमच्या चिरंजीवांनी, रवीने, मला पुस्तकं वाचायचं यंत्र दिलं. कंपनीने आत जे घालून दिलं होतं ते त्याला पसंत पडेना, म्हणून कुण्या तिऱ्हाईताचं फुकटचं सॉफ्टवेअर त्यात घालण्यात त्याचा अख्खा रविवार गेला. (हिंजवडीची ही मंडळी नवा सदरा आणला तरी आधी बटणं उसवून बघतील.) त्याच्या स्वतःच्या यंत्रात चार हजार पुस्तकं आहेत. वाचलेलं एकही नाही, पण दोन ओळींत अंतर किती असावं यावर, ऑफिसची गाडी चौकात अडकली की मला फोन करून तासभर बोलतो.

त्याच यंत्रात त्याने तुमचं आत्मचरित्र घातलं. 'वाहकाची चौतीस वर्षं', पानं सहाशे बारा. मी तुम्हाला रीतीप्रमाणे कळवलं, की एका बैठकीत संपवलं, डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही लगेच मला प्रकाशनाचा प्रमुख वक्ता केलंत. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. भाषण करणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असावं, असा हट्ट आपल्या तालुक्यात आजवर कुणी धरलेला नाही.

घात केला त्या सॉफ्टवेअरने. यंत्र झोपलं की ते पडद्यावर पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवतं आणि खाली किती वाचून झालं तेही. परवा अक्का आली. मी चहाचं सांगायला आत गेलो, तेवढ्यात टेबलावर तुम्ही खाकी गणवेशात हसत होतात आणि तुमच्या हनुवटीखाली लिहिलं होतं, वाचून झाले : १ टक्का. अक्काने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"किसन्या, सहाशे पानांचा एक टक्का म्हंजी किती रं?"

तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, तरी मी बिस्किटांचा डबा पुढे करून विषय बदलला. (हिशेबाने सहा, खरी नऊ; वरचा अपूर्णांक यंत्र सोडून देतं. दाजी, ती नऊच्या नऊ तिकिटाच्या पेटीच्या वर्णनात गेलीत आणि पेटी अजून उघडलेली नाही.) ती चहा न घेता गेली. तुम्हाला तिने सांगितलंच असेल. परक्याच्या सॉफ्टवेअरवर विसंबून घरच्या माणसाला खोटं पाडू नये, एवढंच माझं म्हणणं.

तुमचा मेहुणा,
किसन

ता. क. यंत्रात पानं आपोआप उलटायचीही सोय निघाली. काल ती लावून, यंत्र खिडकीत ठेवून मी भाताच्या खाचरात पाणी सोडायला गेलो. शंभर टक्के झाले की अक्काला बोलावणार होतो.

ता. क. २. परत येऊन बघतो तर बॅटरी संपत आल्याची पाटी आणि पानं तीनशे सत्तेचाळीसवर थांबलेली. पाटी घालवली तर खाली माझंच नाव. तुम्ही लिहिलंय, 'किसन माझं लिखाण वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पहिली प्रत त्यालाच देतो. वाचलं म्हणून फोन करणारा तो एकटाच, खोटं का होईना.' दाजी, मला लाज वाटली. रविवारचं प्रकाशन पंधरा दिवस पुढे ढकला. पहिल्या पानापासून सुरू केलंय. आज सकाळी पेटी उघडली.